तखताखालची तालीम

दवाखान्यात नोकरी करणाऱ्या बाईला किस्से मुद्दाम साठवायला लागत नाहीत हो. ते घरातल्या पिशव्यांसारखे आपोआप साठतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. परवा हळदीकुंकवाला कुणीतरी म्हणालं, "सुमन, तो डोक्याच्या मशीनचा किस्सा सांग ना!" मी विचारलं, "कुठला?" तर प्रत्येकीला वेगळाच आठवत होता. म्हटलं, बसा आता. सगळेच ऐका.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. आमच्या ह्यांची, म्हणजे गार्डसाहेबांची, भुसावळहून जयपूरला बदली झालेली. मी नर्सिंग केलेलं होतं, घरात बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा तिलक नगरमधल्या एका मेंदूच्या डॉक्टरांकडे नोकरी धरली. एमआरआयचं मशीन तेव्हा जयपुरात नव्हतंच. दिल्लीला जावं लागायचं. नंबर लागायलाच आठवडे जायचे.

आणि एवढं करून आमचे पेशंट दिल्लीला जाऊन काय करायचे? पळून यायचे! कुणी बोगद्यात डोकं गेल्याबरोबर बोंब ठोकली, कुणी मधेच उठून बसायला गेला, कुणी धोतराच्या गाठीत अडकित्ता घेऊन गेला. मशीन म्हणजे भलंमोठं चुंबक. अंगावर लोखंड असलं की ते खेचतं आणि अंगात असलं तर त्याहून वाईट. दिल्लीवाल्यांनी फोनवर आमच्या डॉक्टरसाहेबांना झाडलं.

डॉक्टरसाहेब जयपूरचे, कुणाला "अरे" म्हणायचे नाहीत. मला म्हणाले, "सिस्टरजी, इन्हें यहीं से सिखाकर भेजिए. आप ज़रा डाँट सकती हैं." चांगलं बोलणं त्यांच्याकडे आणि ओरडणं माझ्याकडे, अशी ती वाटणी!

मग मी तालीम सुरू केली. दवाखान्यात मागच्या खोलीत एक लाकडी तखत होतं, बुटकं, रुंद. पेशंटला सतरंजी टाकून त्याच्याखाली झोपवायचं. नाकाच्या वर चार बोटांवर फळी. हलायचं नाही, डोकं खाजवायचं नाही, पाहुण्यांशी गप्पा मारायच्या नाहीत. आणि वर बसून आमचे कंपाउंडर भंवरजी लोखंडी बादली वाजवायचे. कारण ते मशीन आत ठकठक ठकठक असा आवाज करतं की माणसाला वाटावं घर पाडताहेत. दुखत काही नाही, शॉक बसत नाही, फक्त आवाज आणि निमूट पडून राहणं. बस, एवढंच. पण निमूट पडून राहणं आपल्या लोकांना कुठलं जमतंय!

तखताखालून जो पास, तोच दिल्लीला. नापास झाला की पुढच्या आठवड्यात परत.

*

पहिला नंबर तिथल्या आपल्या मराठी मंडळातल्याच कुलकर्ण्यांचा. रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क. चक्कर यायची. मी विचारलं, "अंगावर धातूचं काही?"

"काही नाही."

"घड्याळ?"

"काढलं."

"करगोट्याला काही?"

"छे हो, सिस्टर!"

तखताखाली सरकवलं तर शर्टातून काहीतरी खणकन फरशीवर आपटलं. बघते तर जानव्याला किल्ली! कपाटाची, चांगली बोटभर लांब.

"हे काय?"

"ही किल्ली आहे," कुलकर्णी खालून म्हणाले. "तुम्ही धातूचं विचारलंत!"

मी म्हटलं, किल्ली काय पिठाची असते का? काढा आणि वहिनींच्या हातात द्या. तर माणूस तखताखालून बाहेर येईना आणि किल्लीही सोडीना. वहिनी समोर खुर्चीवर बसलेल्या, लोकर विणत. शेवटी कुलकर्ण्यांनी जानव्यातून किल्ली सोडवली आणि कुणाला दिली असेल? भंवरजींना! ज्या माणसाला जन्मात पहिल्यांदा बघत होते त्याला! लग्नाच्या बायकोला नाही.

भंवरजी बिचारे किल्ली घेऊन अवघडून उभे. वहिनींनी विणकामावरून नजरसुद्धा काढली नाही. म्हणाल्या, "ठेवा हो भंवरजी, काही जोखीम नाही. त्या कपाटात जुनी पंचांगं आणि एक बंद पडलेला रेडिओ आहे. मी दिवाळीच्या सफाईतच हेअरपिनने उघडून बघितलंय."

त्या दिवशी कुलकर्णी तखताखाली इतके स्तब्ध पडले की भंवरजींना बादली वाजवावीच लागली नाही.

*

सिव्हिल लाइन्समधले एक बडे अफसर. डोकं सारखं दुखतं. दिल्लीचा नंबर त्यांना वरच्या वशिल्यानं मिळालेला, पण डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, तालीम सगळ्यांनाच. ठरलेल्या वेळी बंगल्याची गाडी आली आणि त्यातून उतरला त्यांचा पी. ए.! काखेत फाइल.

"साहब मीटिंग में हैं," तो म्हणाला. "उनकी जगह मैं लेट जाता हूँ."

मी म्हटलं, "अहो, तपासणी डोक्याची आहे!"

"जी. साहब के सारे काम मैं ही करता हूँ."

डॉक्टरसाहेब दारातून ऐकत होते. त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "दिमाग़ का भी?"

"जी, वो तो शुरू से," पी. ए. म्हणाला आणि बूट काढून तखताखाली गेला.

पास झाला हो! ठकठक चालू असताना चक्क झोपला. ऑफिसात सवय असणार. आणि साहेब? दिल्लीत मशीनमध्ये सरकवल्याबरोबर आतून ओरडले, "किसके ऑर्डर से?" आणि तपासणी न करताच परत आले. पी. ए. मला नंतर म्हणाला, "मैडम, मुझे साथ ले जाते तो हो जाता."

*

गावाकडून एक ठकुराइन, म्हणजे ठाकूर घराण्यातल्या बाई, आल्या होत्या. सोबत सासू, दोन जावा, नवरा आणि एक दीर, जो फक्त बोलायला आणलेला. बाईंचं डोकं वर्षभर दुखत होतं. पायात चांदीचे कडे, लग्नापासून न निघालेले. कपाळावर बोरला, म्हणजे केसांच्या भांगात करकचून आवळून बांधतात तो गोल दागिना.

मी म्हटलं, सगळं काढायचं. झालं! दवाखान्यात पंचायत बसली. दीर म्हणाला, कडे काढणं अपशकुन. नवरा म्हणाला, मग माथाच नको दाखवू. जावा गप्प, पण एकमेकींकडे बघून घेत होत्या. बाईंना कुणी विचारलंच नाही. डोकं त्यांचं, दुखणं त्यांचं, मत मात्र दिराचं!

माझा पारा चढला. मी सासूबाईंना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "माँजी, सून गेली तर कडे कुणाच्या पायात घालणार?" म्हातारी खमकी निघाली. सरळ सोनाराला बोलावलं, दवाखान्याच्या ओसरीवर बसून कडे कापून घेतले. बोरला तिने स्वतःच्या हातानं सोडला. सुनेच्या कपाळाची कातडी तिथे ओढून ओढून पांढरी पडलेली.

बाईंना तखताखाली झोपवलं. ठकठक सुरू झाली. थोड्या वेळानं आतून हसण्याचा आवाज! मला वाटलं, घाबरून वेड लागलं की काय. वाकून बघितलं तर बाई पदर बाजूला सारून म्हणतात, "सिस्टरजी, दर्द तो गया!"

डॉक्टरसाहेबांनी आठवडाभर बिनबोरल्याचं राहायला सांगितलं. पुन्हा दुखलंच नाही, दिल्लीही टळली. दीर जाताना मला विचारतो, "तो यह तखत कितने का है?" त्याला वाटलं, गुण तखताचा!

*

आता सुभेदारकाका.

शिंदे सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतून निवृत्त झाले आणि जयपुरातच राहिले. आपल्या मंडळात त्यांचा मान मोठा, कारण त्यांच्या उजव्या कानामागे एक टणक गाठ होती आणि ती गाठ म्हणजे लढाईत घुसलेला तोफगोळ्याचा तुकडा! स्प्लिंटर! कोजागिरी असो, गणपती असो, काका गोष्ट सांगायचे आणि पोरं रांगेनं येऊन कानामागे हात लावून जायची. माझ्या मुलानंही लावलाय. लढाईचं वर्णन दर वर्षी थोडं थोडं वाढत गेलं. पहिल्या वर्षी एक गोळा पडला होता. मी जयपूर सोडेपर्यंत आभाळ काळं झालं होतं!

आणि मग काकांच्या उजव्या हातातून वस्तू पडायला लागल्या. एकदा मंडळातच चहाची कपबशी गेली. मग घरी न्हाणीत पडले, तोंडाला फेस. काकू त्यांना ओढतच आमच्याकडे घेऊन आल्या. डॉक्टरसाहेबांनी तपासलं आणि मला बाहेर येऊन हळूच सांगितलं, आत गाठ असावी, मेंदूवर दाब येतोय. लवकर दिसली तर काढता येईल. उशीर झाला तर हात जाईल, मग बोलणं, मग माणूस.

मी काकांना विचारलं, "अंगात कुठे लोखंड?"

माणसानं छाती फुगवली. "हाय की! अख्ख्या जयपूरला ठावं हाय!"

झालं! डॉक्टरसाहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, लोखंड असेल तर मशीनमध्ये जाता येणार नाही, चुंबकानं ते आतल्या आत सरकेल. आधी साधा एक्स-रे काढू, किती आणि कुठे आहे ते बघू.

"एक्स-रे न्हाय काढायचा," काका म्हणाले.

"का हो काका?"

"फौजी माणसाच्या शब्दावर तुमचा इश्वास न्हाय व्हय? तुकडा हाय म्हणून सांगतोय ना! मशीनमधी जाता येत न्हाय तर न्हाय. चल गं."

आणि निघून गेले. मी मागून ओरडले, भांडले, काही उपयोग नाही. दिल्लीचा नंबर जवळ येत होता आणि हा बाबा घरात मिशीला पीळ देत बसलेला. मला इतका राग आला होता म्हणून सांगू! शौर्य कसलं, शुद्ध हट्ट!

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काकू एकट्याच आल्या. खुर्चीवर बसल्या, पदरानं चष्मा पुसला.

"सुमन, त्यांना आता शर्टाची बटणं लावता येत नाहीत. मी लावते."

"मग एक्स-रे काढू द्या ना काकू! तुमचं तरी ऐकतील."

"त्यात काही दिसणार नाही गं."

"म्हणजे?"

"ती चरबीची गाठ आहे. मला बघायला आले होते तेव्हाच होती. माझ्या आईनं विचारलंसुद्धा, मुलाच्या कानामागे हे काय. लढाई त्यानंतरची."

मग माझी जीभ सुटली. म्हटलं, आणि एवढी वर्षं तुम्ही ऐकून घेतलंत? अहो, जीव जायची वेळ आली, आता तरी सांगा ना चारचौघांत! कसली लढाई आणि कसलं काय!

"लढाई खोटी नाही," काकू म्हणाल्या. "गोळा पडला तेही खरं. एकाच खड्ड्यात दोघे बसलेले. शेजारचा गेला. ह्यांच्याच गावचा जोडीदार होता, बरोबर भरती झालेला. ह्यांना साधं खरचटलं नाही. गावी गेले तर त्याची आई दारात आली आणि म्हणाली, तुला रे काहीच कसं लागलं नाही?"

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"मी तोंड उघडलं तर ते मशीनमध्ये जातील," काकू म्हणाल्या, "पण मग घरी कोण येईल ते मला सांगता येत नाही. काय करायचं ते तू आणि डॉक्टर बघा. मला माझा माणूस हवाय, सगळाच्या सगळा."

डॉक्टरसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरची काच पुसत बसले. मग स्वतः सुभेदारांच्या घरी गेले. असा डॉक्टर मी नंतर नाही बघितला हो, खरंच. तिथे जाऊन म्हणाले, "सूबेदार साहब, टुकड़ा है, इसमें कोई शक नहीं. सिर्फ़ यह देखना है कि लोहे का है या पीतल का. पीतल का हुआ तो चुंबक उसे छूता नहीं."

एक्स-रेमध्ये धातू पितळ की लोखंड हे कुणालाही कळत नाही. डॉक्टरांना ते माहीत, मला माहीत. सुभेदारांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "काढा."

दुसऱ्या दिवशी फिल्म आली. डॉक्टरसाहेबांनी उजेडावर लावली. कवटी स्वच्छ. कानामागे काडीएवढंही काही नाही. काका फिल्मकडे बघतच नव्हते, स्वतःच्या बुटांकडे बघत होते. काकू खिडकीकडे.

डॉक्टरसाहेबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "पीतल का है. आप जा सकते हैं."

भंवरजी दारात बादली घेऊन उभे. काकांनी खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, "मला वाटलंच होतं. दुश्मनाचा माल लई हलका असायचा."

मी तोंडात पदर कोंबून आत पळाले.

तखताखाली काका असे पडले की श्वासही दिसेना. भंवरजींनी बादली जिवाच्या आकांतानं बडवली, पण पापणी लवली नाही. दिल्लीला काकूंबरोबर आमच्या ह्यांना पाठवलं. मशीनमध्ये गाठ दिसली, मेंदूच्या वरच्या आवरणाची, साधी. ऑपरेशन झालं. काका दिल्लीहून परतले ते डोक्याचा गोटा करून, पण शर्टाची बटणं स्वतः लावून!

गणपतीत मंडळाचा कार्यक्रम होता. काकांना मधली खुर्ची. सगळे दम धरून बसलेले आणि काकांनी सुरुवात केली. "काय सांगू तुमास्नी! मशीन कसलं, राक्षसच! लोखंडी कपाट ओढून घेईल असं चुंबक. त्याच्या तोंडात मला घातला. वरनं ठकठक, ठकठक, जणू पुन्हा आघाडीवरच! पण आपला स्प्लिंटर? तसूभर हलला न्हाय!"

टाळ्या! पोरं कानामागे हात लावायला उठली. मी डोळे पुसत हसत होते.

तेवढ्यात मागच्या रांगेतून नुकतेच बदलून आलेले एक तरुण कॅप्टन उभे राहिले. हुशार पोरगा, पण हुशार माणसांना कुठे थांबावं हे कळत नाही. म्हणाले, "सुभेदारसाहेब, एक शंका. दिल्लीत डोकं उघडलंच होतं, तर त्याच वेळी तो तुकडाही का नाही काढून टाकला?"

टाळ्या थांबल्या. मोदक वाढणारीचा हात तसाच राहिला. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचा उजवा हात नकळत कानामागे गेला. सगळ्या मंडळासमोर, इतक्या वर्षांनी. मी काहीतरी बोलायचं म्हणून उठले.

काकू बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. काका लढाईचं सांगायला लागले की त्या एरवी उठून आत जायच्या. आज गेल्या नव्हत्या. त्यांनी मांडीवरची बशी खाली ठेवली आणि कॅप्टनसाहेबांकडे बघून अगदी शांतपणे म्हणाल्या,

"डॉक्टर काढतच होते. मीच नको म्हटलं. म्हटलं, एवढी वर्षं मी सांभाळलाय तो, राहू द्या."